आता मी बिल मागते

गॅरेजवाल्याकडे बिल मागायचं नाही, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. किराणा दुकानात मागावं, दवाखान्यात मागावं. पण ज्याच्या हातात गाडीची किल्ली ठेवून आपण "बघून घ्या काय ते" म्हणत निघून जातो, त्याच्याकडे कागद मागणं मला त्या माणसाचा अपमान वाटायचा. काम बिघडलं तर काय करायचं, तेही ठरलेलं होतं. चार शब्द सुनावायचे आणि पुढच्या वेळी दुसरं गॅरेज बघायचं. लिहायला, भांडायला, तक्रारी करत फिरायला नोकरी करणाऱ्या माणसाला वेळ कुठे असतो? हे मत मी आता सोडलं आहे. का सोडलं ते नीट सांगायचं आहे, कारण डोंबिवली, कल्याण, ठाण्यात याच मताची माणसं मला रोज भेटतात आणि ती सगळी विचार करणारी, शहाणी माणसं आहेत.

या मतामागे माझ्या वडिलांची बजाज चेतक होती. डोंबिवली पूर्वेला एका लहानशा गाळ्यात त्यांचे मिस्त्री बसायचे. बाबा त्यांना नावाने हाक मारत नसत, "मिस्त्री" एवढंच म्हणत, आणि मिस्त्री बाबांना "मास्तर". तीस वर्षांत दोघांमध्ये एकही कागद झाला नाही. प्लग काळा पडला की मिस्त्री तो पॉलिश पेपरने घासून द्यायचे, कार्बोरेटरमध्ये कचरा आला की जेट काढून फुंकायचे, क्लचची वायर तुटली की नवी ओवायचे. पैसे किती ते बोटांनी दाखवायचे. एखादं काम चुकलंच तर बाबा स्कूटर ढकलत परत घेऊन जायचे, मिस्त्री ओशाळायचे आणि पुन्हा फुकट करून द्यायचे. हे मी लहानपणापासून पाहत आले आणि व्यवहार असाच असतो, असाच असावा, असं मनात पक्कं बसलं.

तो विश्वास खोटा नव्हता, हे मला आजही म्हणायचं आहे. पण तो ज्या यंत्रावर उभा होता, ते यंत्र वेगळं होतं. जुनी चेतक टू-स्ट्रोक. तिच्या इंजिनाला वंगण मिळायचं ते पेट्रोलमधूनच. पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं आणि तेच आत जाऊन पिस्टनला, क्रँकला पोचायचं. टाकीत मिश्रण आहे तोवर इंजिन कोरडं पडण्याची भीती नाही. मिस्त्रीच्या हातून एखादा नट ढिला राहिला, तर स्कूटर बंद पडायची, फार तर गिअरबॉक्सचं ऑइल गळायचं, पण तेवढ्यावरून इंजिन खलास होत नसे. चूक स्वस्तात निभावून जायची, म्हणून कागदावाचूनही निभावायचं.

आजच्या मोटारीचं तसं नाही. छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये साधारण तीन लिटर ऑइल असतं. पंप ते उचलतो, फिल्टरमधून गाळून घेतो आणि दाबाखाली क्रँकच्या बेअरिंगपर्यंत नेतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो आणि फिरता क्रँक त्या थरावर तरंगत असतो, धातूला धातू लागत नाही. दाब गेला की थर गेला, आणि थर गेला की काही क्षणांत बेअरिंग घासायला लागतं. मिनिटा-दोन मिनिटांत ते वितळून क्रँकला चिकटू शकतं. गॅरेजच्या भाषेत इंजिन "सीझ" होतं. या सगळ्याचं रक्षण कशावर अवलंबून असतं? चेंबरच्या नटाखालच्या एका वॉशरवर आणि फिल्टरच्या तोंडाशी असलेल्या एका रबरी रिंगवर. दोन्हींची किंमत चहाच्या कपाएवढी.

माझ्या गाडीची रिंग चुकली. कल्याणमधल्या एका बऱ्यापैकी मोठ्या गॅरेजात, ओळखीच्यांनी सुचवलं म्हणून, मी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. ऑइल बदललं, फिल्टर बदलला, एअर फिल्टर साफ केला, ब्रेक पाहिले, गाडी धुऊन पुसून दिली. पैसे यूपीआयने दिले. बिल त्यांनी दिलं नाही आणि मी मागितलं नाही.

जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनाच्या तोंडाला चिकटून मागे राहते. गरम होऊन होऊन ती कडक आणि काळी झालेली असते, काळ्या तेलात चटकन दिसत नाही. नवा फिल्टर लावण्याआधी ती जागा फडक्याने पुसून, बोट फिरवून पाहायची असते. तसं न पाहता नवा फिल्टर चढवला तर जुन्या रिंगवर नवी रिंग बसते. इंजिन चालू करून पाहिलं तर बहुधा काहीच गळत नाही. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाते. मग एखाद्या दिवशी इंजिन तापलेलं असताना, चढावर ऑइलचा दाब वाढल्यावर, दोनांतली एक रिंग सरकते आणि ऑइल बाहेर उडायला लागतं. पंप आपलं काम चोख करत असतो; तोच तीन लिटर ऑइल बघता बघता रस्त्यावर ओततो.

डोंबिवलीहून वागळे इस्टेटला जायचा माझा रस्ता कल्याण-शीळ रोडने शिळफाट्यापर्यंत आणि पुढे मुंब्रा बायपासने. जेएनपीटीहून भिवंडीकडे जाणारे कंटेनर याच बायपासवरून जातात. पारसिकच्या डोंगराला धरून रस्ता वळतो, चढतो, आणि गाडी बाजूला घ्यायला मोकळी जागा फार थोड्या ठिकाणी आहे. तिथे, चढावर, तेलाच्या झारीचं लाल चिन्ह पेटलं. मागे ट्रेलर, शेजारी ट्रेलर. जिथे जागा मिळाली तिथवर मी गाडी नेली. तेवढ्यात आधी टकटक, मग खडखड आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. नंतर हेच माझ्याविरुद्ध मांडलं गेलं. दिवा लागताक्षणी इंजिन बंद करायला हवं होतं, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि प्रत्येक गाडीवाल्याने लक्षात ठेवावं असं आहे: तो लाल दिवा ऑइल कमी आहे असं सांगत नाही, ऑइलचा दाब गेला असं सांगतो. पण दोन ट्रेलरच्या मध्ये बंद गाडीत बसून राहणं हा पर्याय ज्यांना सोपा वाटतो, त्यांनी सकाळच्या वेळी एकदा त्या बायपासवरून जाऊन पाहावं.

गाडी टो करून डोंबिवली एमआयडीसीच्या बाजूला एका दुसऱ्या मेकॅनिककडे आणली. त्याने फिल्टर खोलला आणि दोन्ही रिंगा माझ्या तळहातावर ठेवल्या. एक मऊ, नवी; दुसरी कडक आणि चपटी. हाफ इंजिनाचं काम, क्रँक काढून लेथवाल्याकडे, नवे बेअरिंग, कनेक्टिंग रॉड. खर्चाचा आकडा ऐकून मी खाली बसले.

मी पहिल्या गॅरेजात गेले. मालक आधी "साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो" म्हणाले. मी रिंगा दाखवल्यावर ते गप्प झाले. थोड्या वेळाने आत जाऊन आले आणि म्हणाले, "ज्या पोराने काम केलं त्याला आजच काढून टाकला, मॅडम. झालं समाधान?"

हो, झालं. तिथून निघताना मला खरोखर बरं वाटत होतं. कोणाला तरी शिक्षा झाली होती. आता दुसरं गॅरेज बघायचं आणि विषय संपवायचा, हे माझं जुनं मत होतंच. त्या पोराला मी पाहिलेलं होतं. गाडी द्यायला गेले तेव्हा त्यानेच "ताई, पुढचा डावा टायर बघून घ्या, आतून झिजलाय" असं आपणहून सांगितलं होतं. लक्ष देणारा मुलगा होता.

समाधान टिकलं नाही, आणि त्याला कारण माझी नोकरी. पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी गुणवत्ता विभागात काम करते. आमच्याकडे बोल्ट आवळणारा माणूस बोल्टवर रंगाची एक रेघ मारतो. तपासणारा दुसरा माणूस येऊन वेगळ्या रंगाची दुसरी रेघ मारतो. कार्डावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय नग पुढच्या टेबलावर जात नाही. याला कोणी अविश्वास म्हणत नाही. आवळणारा माणूस कितीही कुशल असो, दिवसात चारशे बोल्ट आवळताना एखादा राहणार, हे आम्ही गृहीत धरतो. मग एखादा दोष गिऱ्हाइकापर्यंत गेलाच, तर आम्ही आधी विचारतो की दुसरी रेघ का नव्हती. कामगाराला काढून टाकणं हे आमच्याकडे उत्तर मानलंच जात नाही.

आमच्या प्रशिक्षणात एका विमानाचं उदाहरण नेहमी देतात. ५ मे १९८३ला ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं लॉकहीड ट्रायस्टार विमान मायामीहून बहामाजमधल्या नासाऊला निघालं, आत १७२ माणसं. एका इंजिनाचा ऑइलचा दाब गेला म्हणून वैमानिकांनी ते बंद केलं आणि विमान परत फिरवलं. मग समुद्रावर असतानाच उरलेली दोन्ही इंजिनंही बंद पडली. प्रवाशांना पाण्यात उतरण्याची तयारी करायला सांगितलं गेलं. अखेर पहिलं बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं आणि त्या एका इंजिनावर विमान मायामीत उतरलं; सगळे वाचले. आदल्या रात्री देखभालीत तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. ऑइलमध्ये धातूचे कण आहेत का ते पकडणारा हा लहानसा चुंबकी भाग. तो बसवताना त्याला रबरी ओ-रिंग लावायची असते. तिन्ही ठिकाणी ती नव्हती. मेकॅनिकना एरवी रिंग आधीच चढवलेले डिटेक्टर तयार मिळायचे. त्या रात्री तयार नव्हते, म्हणून भांडारातून आणले, आणि त्यांना रिंगा नव्हत्या. नवी रिंग लावल्याच्या कार्डावर सह्या मात्र झाल्या होत्या. चौकशी करणाऱ्या अमेरिकी सुरक्षा मंडळाने मेकॅनिकची चूक नोंदवलीच, पण तेवढ्यावर न थांबता कंपनीच्या व्यवस्थापनालाही जबाबदार धरलं, कारण या भागाबाबत आधीही घोटाळे झालेले होते आणि ते थांबवण्याची पक्की व्यवस्था कंपनीने केली नव्हती.

हे उदाहरण मी स्वतः नव्या मुलांना समजावून सांगितलेलं आहे. तरी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत "पोराला काढलं" एवढ्यावर मी परत आले होते. तो मुलगा गेला, त्याच्या जागी दुसरा आला असेल. फडक्याने जागा पुसून बघ, असं त्याला कोणी शिकवलं नसेल, आणि त्याचं काम झाल्यावर गाडीखाली वाकून बघणारं दुसरं कोणी नसेल. बहुतेक गॅरेजांत पोरं उस्तादाच्या शेजारी उभी राहून शिकतात. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, पण या पोरांना तिथवर जायची सवड आणि पैसा नसतो. उस्ताद चांगला असेल तर शिक्षण उत्तम होतं, घाईतला असेल तर त्याची घाई पुढच्या पिढीत उतरते. त्या मुलाची नोकरी घालवून मालकाने स्वतःची जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकली होती आणि मी मान डोलावून ती तिथे राहू दिली होती. माझं मत बदललं ते या जागी. बिल, तक्रार, नोटीस हे सगळं मी तोवर माणसाविरुद्धचं हत्यार समजत होते. खरं तर कागद जबाबदारी जिथली आहे तिथे, म्हणजे आस्थापनेवर ठेवतो. कागद नसेल तर ती घरंगळत सर्वांत दुबळ्या माणसापाशी जाते.

मग मी परत गेले आणि भरपाई मागितली. आता मात्र कागद नसण्याची किंमत कळायला लागली. यूपीआयची नोंद होती, पण ती पैसे दिल्याचं सांगते, काम काय केलं ते सांगत नाही. "आम्ही फक्त गाडी धुतली" असं कोणी म्हटलं असतं तर? दुसऱ्या मेकॅनिकला मी विचारलं, दोन रिंगा सापडल्या असं लिहून द्याल का. तो म्हणाला, "तोंडी शंभर वेळा सांगतो, लिहून नाही देणार. उद्या माझ्याही हातून काही होईल." त्याचा राग आला नाही, त्याच्या डोक्यात कागद म्हणजे मला वाटायचं तेच होतं. विमा कंपनीकडून काही मिळणार नव्हतं. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. शेवटी एका परवानाधारक मोटार सर्व्हेअरला पैसे देऊन इंजिन उघडं असतानाच पाहणी करून घेतली. त्याने फोटोंसह अहवाल दिला. इंजिन बांधून झाल्यावर हे करता आलं नसतं. आधी पाहणी, मग दुरुस्ती, हा क्रम चुकला की हातात पुरावा राहत नाही.

कायदा मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. २० जुलै २०२०पासून ग्राहक संरक्षणाचा २०१९चा कायदा लागू आहे. त्याने १९८६च्या कायद्याची जागा घेतली. त्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत निष्काळजीपणा आहे, आणि मोटार दुरुस्ती ही सेवाच आहे. मला सर्वांत जास्त चकित केलं ते एका छोट्या कलमाने: विकलेल्या वस्तूचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे मी जे सौजन्य समजून मागत नव्हते, ते देणं कायद्याने दुसऱ्या बाजूवर बंधनकारक केलेलं होतं. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. आपल्या भागासाठी जिल्हा आयोग ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या इमारतीत आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ची. ज्या महाराष्ट्रात ही चळवळ देशाच्या कायद्याच्या आधी जन्मली, तिथे माझ्यासारखी शिकलेली बाई बिल मागायला संकोचत होती.

तक्रार कोणाविरुद्ध करायची, हेही कळायला हवं. गोव्यातल्या एका ग्राहकाला विक्रेत्याने नवी म्हणून जुन्या सालची, चाललेली मोटार दिली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१मध्ये न्यायालयाने सांगितलं की विक्रेत्याच्या गैरप्रकाराची कंपनीला माहिती होती असं सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही. तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटर असलं तरी ज्याने पैसे घेतले आणि काम केलं, त्याचं नाव-पत्ता असलेला कागद हाती हवाच.

मी अहवालाची प्रत जोडून रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. गॅरेजच्या मालकांचा फोन आला आणि या वेळी त्यांनी साहेबांना पाठवा म्हटलं नाही. सुट्या भागांचा खर्च त्यांनी दिला. मजुरी आणि लेथचा खर्च मी सोसला, कारण दिवा लागल्यावरही गाडी चालली होती, हा त्यांचा मुद्दा मी पूर्ण खोडू शकत नव्हते. आयोगापर्यंत जावं लागलं नाही. त्या मुलाला परत घ्या, असं मी त्यांना सांगितलं. तो तोवर दुसरीकडे लागला होता.

एक शंका मला अजून छळते. रस्त्याच्या कडेला एकट्याने काम करणाऱ्या मिस्त्रीवर हाफ इंजिनाचा खर्च पडला तर तो उभाच राहू शकणार नाही. बाबांच्या मिस्त्रींकडे असा पैसा कधीच नव्हता. कागदाचा आग्रह धरून आपण अशा माणसांना संपवणार का? यावर मी खूप विचार केला आणि माझं उत्तर असं आहे की कागद त्यालाही वाचवतो. गाडी आली तेव्हा किती किलोमीटर चालली होती, आधीपासून कुठला आवाज होता, गिऱ्हाइकाने कोणतं काम नको म्हटलं, हे लिहिलेलं असेल तर उद्या दुसऱ्याच कारणाने इंजिन गेलं तरी खापर त्याच्यावर फुटणार नाही. सध्या मी ज्यांच्याकडे जाते ते डोंबिवलीतले मेकॅनिक एकटेच काम करतात. मी पहिल्यांदा लिहून मागितलं तेव्हा ते थोडे हिरमुसले. आता शाळेच्या वहीत कार्बन घालून ते काम लिहितात, चेंबरचा नट आवळल्यावर त्यावर पांढऱ्या मार्करने रेघ मारतात आणि मला वाकून ती बघायला लावतात. त्यांच्याकडची बाकीची गिऱ्हाइकंही आता वहीतलं पान मागतात.

तुमची गाडी पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा एवढं करा. काय काम केलं ते लिहिलेलं, तारखेचं आणि किलोमीटरच्या आकड्याचं बिल घ्या. जुना फिल्टर परत मागा आणि त्याच्या तोंडाला रबरी रिंग आहे का ते स्वतः बघा. नसेल तर गाडी तिथून हलवू नका. गाडी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, ऑइलची पट्टी काढून पातळी पाहा आणि गाडीखालची जमीन बघा. आणि एवढं करूनही इंजिन गेलंच, तर ते उघडताना सर्व्हेअरला बोलवा, पोराला काढून टाकलं या उत्तरावर परत येऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जाता येतं.